प्रांजल आला, प्रांजल आली

महाराष्ट्रात अंबड या नावाची दोन ठिकाणे विशेष परिचित आहेत. एक जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथे माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवीचे मंदिर आहे. म्हणून त्या देवीला मत्स्योदरी म्हणतात. दुसरे अंबड नाशिक शहराला लागून असून ते तेथील कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आले. पाकिटावर नुसते ‘अंबड’ एवढेच लिहिले, तर ते पत्र कोठे पोहोचवावे, असा पेच टपालखात्याला पडेल. म्हणून आपण ‘अंबड, जिल्हा जालना’ असे लिहितो. नाव एकच असले, तरी ते धारण करणारे निराळे असू शकतात. कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे पुष्कळदा नावाच्या मागच्यापुढच्या शब्दांवरून समजते.

जे गावांच्या नावांचे, तेच माणसांच्या नावांचे. समजा, अंबडच्या एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गात प्रांजल नावाचे दोन विद्यार्थी आहेत. त्यांपैकी एक मुलगा आहे आणि एक मुलगी. वर्षाचा पहिलाच दिवस असल्यामुळे गुरुजींना मुलांची ओळख नाही. हजेरीपटावर दोन्ही ठिकाणी ‘कु. प्रांजल’ असे लिहिले आहे. परंतु ‘कु.’ हे ‘कुमार’ या शब्दाचेही संक्षिप्त रूप आहे आणि ‘कुमारी’ या शब्दाचेही! गुरुजी नाव पुकारतात. ‘हजर’ असे उत्तर येते. हा शब्दही मुलामुलींच्या तोंडी सारखाच असतो. इतक्यात मागच्या बाकावरून कोणी म्हणतो, “अरे, हे तर मुलीचे नाव!” वर्ग हसतो आणि तो मुलगा मान खाली घालतो. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी त्या मुलीला म्हणते, “तुझे नाव मुलासारखे आहे.” मग तिलाही आपल्या नावाचा संकोच वाटू लागतो.

विद्यार्थ्यांनो, असा प्रसंग तुमच्या वर्गातही घडू शकेल. हसणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे काय? प्रांजल हे नाव मुलाचे की मुलीचे? ते उच्चारावे कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्या मातृभाषेची कितीतरी गुपिते आपल्या हाती लागतील.

प्रथम अर्थ पाहू. ‘प्राञ्जल’ हा मूळचा संस्कृत शब्द. त्याचा अर्थ सरळ, स्पष्ट, निष्कपट. मराठीत आपण ‘प्रांजळ मत’, ‘प्रांजळपणे सांगितले’ असे शब्दप्रयोग करतो. मनात एक आणि ओठांवर दुसरे असे ज्याचे नसते, तो प्रांजळ. बंगाली भाषेत हाच शब्द सहज समजणाऱ्या, स्वच्छ लेखनशैलीचे वर्णन करण्यासाठी वापरतात. म्हणजे प्रांजल हे विशेषण आहे. आणि त्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

मराठीतील विशेषणे दोन प्रकारची असतात. शहाणा मुलगा, शहाणी मुलगी, शहाणे मूल. येथे नामाचे लिंग बदलताच विशेषणाचे रूपही बदलले. अशी विशेषणे बहुधा आकारान्त असतात. याउलट सुंदर, शांत, हुशार, प्रांजळ ही विशेषणे बदलत नाहीत. प्रांजळ मुलगा, प्रांजळ मुलगी, प्रांजळ मूल; तिन्ही ठिकाणी रूप एकच! जो शब्द स्वतः लिंगभेद पाळत नाही, तो मुलाला शोभतो तसाच मुलीलाही शोभतो. स्नेहल, शीतल, कोमल ही नावेही याच जातीची. तेव्हा हे नाव केवळ मुलाचे किंवा केवळ मुलीचे असे म्हणण्यास व्याकरणाचा काहीच आधार नाही.

अशी सामाईक नावे मराठी समाजाला नवीन नाहीत. ‘दुनियादारी’ ही कादंबरी लिहिणारे सुहास शिरवळकर पुरुष होते. मराठी रंगभूमीवर नाव मिळवलेल्या सुहास जोशी या स्त्री आहेत. यष्टिरक्षक किरण मोरे पुरुष. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी. लेखिका कमल देसाई आणि अभिनेते कमल हासन यांचे नावही एकच. संगीतकार स्नेहल भाटकर यांचे मूळ नाव वासुदेव. त्यांनी आपल्या कन्येच्या नावावरून ‘स्नेहल’ हे नाव घेतले आणि त्याच नावाने ते प्रसिद्ध झाले. वडिलांनी लेकीचे नाव अभिमानाने मिरवावे, याहून सुंदर उदाहरण कोणते?

प्रांजल या नावाचेही तसेच आहे. आसामात हे नाव पुरुषांचे म्हणून परिचित आहे. असमिया अभिनेते प्रांजल सैकिया हे त्याचे एक उदाहरण. आपल्या महाराष्ट्रात उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी ते नाव सर्वांना माहीत करून दिले. त्यांची दृष्टी लहानपणीच गेली. परंतु शिक्षण थांबले नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१६ साली त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला. तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१७ साली १२४ वा क्रमांक मिळवला. भारतीय प्रशासकीय सेवेतील पहिल्या दृष्टिहीन महिला अधिकारी म्हणून त्यांचा गौरव झाला. २०१९ साली केरळातील तिरुवनंतपुरम येथे त्यांनी सब-कलेक्टर म्हणून सूत्रे हाती घेतली. माणसाचे कर्तृत्व मोठे झाले, म्हणजे त्याचे नावही लोकांच्या परिचयाचे होते.

तरीही हे नाव आपल्याकडे फारसे रूढ नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी देवांची, संतांची आणि नद्यांची नावे ठेवण्याकडे कल होता. विठ्ठल, पांडुरंग, नामदेव, रुक्मिणी, गोदावरी ही नावे घरोघरी असत. मुलाला हाक मारता मारता देवाचे नाव मुखी यावे, ही त्यामागील भावना. भागवतातील अजामिळाची कथा तुम्ही ऐकली असेल. त्याने अंतकाळी आपल्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारली आणि तो तरून गेला. अंबडच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मूळ नावही नारायणच होते. पुढे काळ बदलला. निसर्गातील वस्तू, मनाचे गुण, भाषेतील गोड शब्द यांवरून नावे ठेवण्याची आवड वाढली. आपल्या बाळाचे नाव गल्लीतील दुसऱ्या कोणाचे नसावे, असेही आईबापांना वाटू लागले. प्रांजल हे अशा नवीन आवडीचे नाव. ते लहान आहे, अर्थपूर्ण आहे आणि भारतातील अनेक भाषांना ओळखीचे आहे.

आता उच्चाराकडे वळू. या तीन अक्षरी नावात उच्चाराचे चार धडे आहेत.

पहिले अक्षर ‘प्रा’. यात प् आणि र् ही दोन व्यंजने जोडलेली आहेत. त्यांच्यामध्ये ‘अ’ घालून ‘परांजल’ म्हणू नये.

त्यानंतर अनुस्वार. अनुस्वाराचे चिन्ह एकच. परंतु त्याचा उच्चार पुढील व्यंजनावर अवलंबून असतो. पुढील पाच नावे मोठ्याने म्हणून पाहा: गंगा, प्रांजल, खंडू, आनंदी, अंबा. गंगेत तो ङ् सारखा, प्रांजलमध्ये ञ् सारखा, खंडूत ण् सारखा, आनंदीत न् सारखा, तर अंबेत म् सारखा उच्चारला जातो. पुढचे व्यंजन ज्या वर्गातले, त्याच वर्गातील अनुनासिक अनुस्वाराच्या जागी येते. म्हणूनच आपल्या गावाचे नाव ‘अंबड’ असे लिहिले, तरी उच्चार ‘अम्बड’ असा होतो आणि ‘प्रांजल’चा उच्चार ‘प्राञ्जल’ असा होतो.

येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. पूर्वी ‘नाव’ हा शब्द ‘नांव’ असा लिहीत. ‘कांहीं’, ‘केंस’ असेही अनुस्वार देत. मात्र ते उच्चारले जात नसत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, तेव्हापासून असे न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्याची प्रथा बंद झाली. ‘नांव’ या शब्दावरील टिंब गेले; ‘प्रांजल’ या नावावरील राहिले. कारण ते उच्चारात आहे.

तिसरा धडा ‘ज’चा. मराठीत ‘ज’ दोन प्रकारे उच्चारला जातो. ‘जीभ’, ‘जेवण’ यांतील ज तालव्य. ‘जाळे’, ‘जुना’ यांतील ज दंततालव्य. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांत बहुधा तालव्य ज येतो. तेव्हा प्रांजलमधील ज ‘जेवण’ या शब्दाप्रमाणे म्हणावा, ‘जुना’ या शब्दाप्रमाणे नव्हे.

चौथा धडा शेवटच्या अक्षराचा. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा ‘अ’ आपण लिहितो, पण सहसा पूर्णपणे उच्चारत नाही. म्हणून हे नाव ‘प्राञ्-जल्’ असे दोन अवयवांत उच्चारले जाते. आता तुम्ही विचाराल, मराठी शब्द ‘प्रांजळ’ आहे, मग नावात ‘ल’ का? संस्कृतातील कित्येक शब्दांचा ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला. निर्मल आणि निर्मळ, शीतल आणि शीतळ अशा जोड्या आपल्या वाचनात येतात. त्यांपैकी एक शुद्ध आणि दुसरा अशुद्ध असे समजू नये. दोन्ही रूपांना भाषेत स्थान आहे. मात्र नावाची गोष्ट वेगळी. सामान्य शब्द कसा लिहावा, हे भाषेच्या प्रथेने ठरते. विशेषनाम कसे लिहावे, हे ज्याचे नाव त्याच्या घरच्यांनी ठरवलेले असते. आईबापांनी ‘प्रांजल’ ठेवले असेल, तर आपण ‘प्रांजळ’ करू नये. आणि कोणी आवडीने ‘प्रांजळ’ ठेवले असेल, तर त्याचा ‘ळ’ आपण काढून घेऊ नये.

हा भेद कानाला स्पष्ट कळतो. पण प्रत्येक लिपीत तो उमटतोच असे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘ळ’साठी अक्षर नाही. त्या लिपीत प्रांजल आणि प्रांजळ सारखेच दिसणार. रोमन लिपीतही ल आणि ळ यांसाठी बहुधा एकच अक्षर वापरतात. लिपी बदलली, की नावातला एखादा ध्वनी असा वाटेतच हरवतो.

भाषा बदलली, तरीही उच्चार बदलतो. बंगालीत शेवटच्या अवयवातील ‘अ’ हा ‘ओ’कडे झुकतो, असमियात ‘ज’चा उच्चार मराठी माणसाला ‘झ’च्या जवळचा वाटतो. आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’सारखा करतो, तर हिंदी भाषक ‘ग्य’सारखा करतात. ‘ऋषी’ हे नाव आपण ‘रुषी’ असे म्हणतो, ते ‘रिषी’ असे म्हणतात. प्रत्येक भाषेची वळणे निराळी असतात. दुसऱ्याचे वळण ऐकून हसणे हे सुज्ञपणाचे लक्षण नव्हे.

मग मराठीत प्रांजल मुलगा की मुलगी, हे ओळखावे कसे? त्याचे काम आपले क्रियापद करते. ‘प्रांजल आला’ म्हटले, की मुलगा. ‘प्रांजल आली’ म्हटले, की मुलगी. बंगाली आणि असमिया भाषांत क्रियापद असा भेद करत नाही. परंतु मराठी क्रियापदही प्रत्येक वेळी साक्ष देईल असे नाही. ‘प्रांजलने आंबा खाल्ला’ या वाक्यावरून काय कळते? ‘खाल्ला’ हे रूप आंब्याच्या लिंगाप्रमाणे आले आहे, प्रांजलच्या नव्हे. कारण हा कर्मणी प्रयोग आहे. येथे व्याकरणही मौन धरते.

अशा वेळी अंदाज करणे धोक्याचे असते. कारण नावाची नोंद आयुष्यभर बरोबर राहते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार बाळाच्या जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. तोवर नाव ठरले नसेल, तर नावावाचूनही नोंद होते आणि पुढे १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय नाव घालता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. या नोंदीवरून शाळेतील नोंद होते, शाळेच्या नोंदीवरून प्रमाणपत्र मिळते. एके ठिकाणी कोणी अंदाजाने ‘ल’चा ‘ळ’ केला किंवा मुलाच्या जागी मुलगी लिहिले, तर ती चूक पुढच्या कागदांवर उतरत जाते आणि ती दुरुस्त करण्यासाठी त्या विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना हेलपाटे घालावे लागतात. लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून विचारले असते, तर हे सारे टळले असते.

मराठीत नावाविषयी किती अर्थपूर्ण वाक्प्रचार आहेत पाहा! बाराव्या दिवशी आत्या पाळण्यातील बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, ते ‘नाव ठेवणे’. पण अनुस्वार देऊन ‘नावे ठेवणे’ नव्हे, तर नुसते अनेकवचन करून ‘नावे ठेवणे’ म्हटले, की त्याचा अर्थ दोष काढणे असा होतो. एका मात्रेने आशीर्वादाची निंदा होते! मोठेपणी चांगले काम करून आईबापांची कीर्ती वाढवणे म्हणजे ‘नाव काढणे’. नावाप्रमाणे वागणे म्हणजे ‘नावाला जागणे’. आणि तसे न वागणाऱ्यासाठी ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आहेच.

नाव ठेवण्याचा अधिकार आईबापांचा आणि नाव काढण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. नावे ठेवण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. आपल्याला मिळालेली पहिली भेट म्हणजे आपले नाव. ते दुसऱ्याने नीट उच्चारले, की आपले मन प्रसन्न होते. तेव्हा एखादे अपरिचित नाव कानी पडले, तर हसू नये, अंदाजही करू नये. “आपले नाव कसे उच्चारावयाचे?” असे सरळ विचारावे. असे सरळ, निष्कपट मनाने विचारणे यालाच तर प्रांजळपणा म्हणतात.

शब्दार्थ

पेच – अडचण, कोडे
निष्कपट – ज्याच्या मनात कपट नाही असा
सामाईक – दोघांचे किंवा अनेकांचे मिळून असलेले
रूढ – प्रचारात असलेले
कल – ओढा
तत्सम शब्द – संस्कृतातून बदल न होता मराठीत आलेला शब्द
दंततालव्य – दात व टाळू यांच्या साहाय्याने उच्चारला जाणारा
हेलपाटे घालणे – एकाच कामासाठी पुनःपुन्हा खेपा घालणे
कथील – एक स्वस्त पांढरा धातू

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाकिटावर नुसते ‘अंबड’ लिहिल्यास कोणता पेच पडेल?
(आ) प्रांजल हे नाव मुलगा व मुलगी या दोघांनाही का शोभते?
(इ) ‘नांव’ या शब्दावरील अनुस्वार का गेला आणि ‘प्रांजल’ या नावावरील का राहिला?
(ई) नावाच्या नोंदीत झालेल्या चुकीचा त्रास कोणाला व कसा होतो?

२. पुढील शब्दांतील अनुस्वाराचा उच्चार कोणत्या अनुनासिकासारखा होतो ते लिहा: शंख, पंचमी, घंटा, वसंत, कुटुंब.

३. पुढील वाक्यांपैकी कोणत्या वाक्यावरून प्रांजल मुलगा की मुलगी हे कळते? कारण सांगा.
(अ) प्रांजल नदीवर गेली होती.
(आ) प्रांजलने पत्र लिहिले.
(इ) प्रांजल रोज व्यायाम करतो.

४. ‘नाव काढणे’, ‘नावे ठेवणे’, ‘नावाला जागणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमचे नाव कोणी ठेवले, त्याचा अर्थ काय आणि ते कसे उच्चारावे, हे घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून दहा ओळी लिहा.